बाहेर ४५ अंश, माहितीपत्रकात ३५: विदर्भाच्या उन्हाळ्यात कन्सोल आणि लॅपटॉप

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे अकोल्यात राहतात, घर सर्वांत वरच्या मजल्यावर आहे, खोलीत एसी नाही, खिडकीला कूलर लावलेला आहे. मुलाकडे प्लेस्टेशन ५ हा टीव्हीला जोडून खेळायचा गेमिंग कन्सोल आहे आणि त्यांच्या स्वतःच्या कामासाठी एक गेमिंग लॅपटॉप आहे. एप्रिल संपता संपता लॅपटॉपचा पंखा सतत पूर्ण वेगाने चालू लागला, खेळ मधूनच अडखळू लागला आणि प्लेस्टेशनने एकदा फार तापल्याची सूचना पडद्यावर दाखवली. माहितीपत्रकात ३५ अंशांपर्यंतच वापर करावा असे छापलेले आहे आणि अकोल्यात मे महिन्यात दुपारचा पारा ४४-४५ वर असतो. तेव्हा यंत्रे पाऊस येईपर्यंत बंद करून ठेवावीत का, कूलरच्या हवेत ठेवली तर ओलाव्याने बिघडतील का, आणि अशा उन्हाळ्यांनी त्यांचे आयुष्य खरोखर कमी होते का, असे त्यांनी विचारले आहे.

मी नागपुरात लॅपटॉप आणि कन्सोल दुरुस्तीचे काम करतो. होळी उलटली की माझ्याकडे येणाऱ्या कामाचे स्वरूपच बदलते, त्यामुळे या प्रश्नामागची चिंता मला चांगली ठाऊक आहे. आधी उत्तर सांगतो आणि मग कारणे देतो. यंत्रे बंद ठेवण्याची गरज नाही. कूलर काही अटी पाळून वापरला तर तो तुमच्या हाताशी असलेला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपाय आहे. आयुष्य कमी होते हे खरे आहे. मात्र ज्या मुख्य चिपची सगळ्यांना धास्ती वाटते तिला सहसा काही होत नाही, तिच्या भोवतीचे साधे, स्वस्त भाग आधी थकतात. अर्थात लॅपटॉप किती जाड आहे, किती जुना आहे, आत धूळ किती साचली आहे, खोलीची पश्चिमेकडची भिंत उघडी आहे का, अशा गोष्टींवर बरेच काही अवलंबून आहे आणि यंत्र न पाहता त्याबद्दल ठामपणे बोलणे मला योग्य वाटत नाही. तरीही खालचे तर्कशास्त्र प्रत्येक घराला लागू पडते.

मूळ अडचण नीट मांडली की निम्मे काम होते. हवामान खात्याचा ४५ हा आकडा सावलीतला असतो. पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून उंचावर ठेवलेल्या तापमापकाने तो मोजलेला असतो. तुमच्या यंत्राला या आकड्याशी काही देणेघेणे नाही. त्याला कळते ती फक्त त्याच्या जाळीतून आत शिरणारी हवा. बाहेर ४५ असताना कूलरच्या खोलीत ती हवा ३१ अंशांची असू शकते, आणि त्याच खोलीत टीव्हीच्या बंद शोकेसमध्ये ठेवलेल्या कन्सोलसाठी ती ५० च्याही वर गेलेली असू शकते. म्हणून ‘अकोल्यात किती तापमान आहे’ याऐवजी ‘माझ्या यंत्राच्या तोंडाशी किती तापमान आहे आणि त्याने बाहेर टाकलेली गरम हवा कुठे जाते’ हे विचारले पाहिजे. बाजारात साधा डिजिटल तापमापक फार स्वस्तात मिळतो. तो हवा आत घेणाऱ्या जाळीपासून चार बोटांवर ठेवा आणि तासभर खेळ चालू असताना आकडा पाहा. मी ग्राहकांना सर्वांत आधी हेच करायला सांगतो, कारण बहुतेकांचा अंदाज पाच ते दहा अंशांनी चुकलेला असतो.

आता हा आकडा इतका महत्त्वाचा का, ते पाहू. चिपमध्ये खर्च होणारी जवळजवळ सगळी वीज उष्णतेत बदलते. ती उष्णता चिपवर लावलेल्या थर्मल पेस्ट या लेपातून हीटसिंक या धातूच्या भागात, तिथून तांब्याच्या नळ्यांमधून पातळ पट्ट्यांमध्ये आणि शेवटी पंख्याच्या हवेत जाते. या सगळ्या मार्गाचा एक ठरावीक अडथळा असतो, आणि चिप हवेपेक्षा किती अंशांनी जास्त तापणार हे त्या अडथळ्यावर व खर्च होणाऱ्या वॉटवर ठरते. समजा २५ अंशांच्या खोलीत चिप ७५ वर स्थिर राहते, म्हणजे फरक ५० अंशांचा आहे. काम तेवढेच असेल, पंख्याचा वेग तोच असेल आणि हवा ४० अंशांची झाली, तर चिप ९० च्या आसपास जाते. हवेचा प्रत्येक अंश जवळपास जसाच्या तसा चिपवर चढतो, कारण कोणताही पंखा चिपला आत येणाऱ्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही.

प्रत्यक्षात परिस्थिती या साध्या बेरजेपेक्षा थोडी वाईट असते. ४५ अंशांची हवा २५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ६ टक्क्यांनी विरळ असते. पंखा तेवढेच घनफळ ढकलतो, पण त्यात उष्णता वाहून नेणारे वस्तुमान कमी असते. शिवाय सिलिकॉन जितके तापते तितकी त्यातून वाया जाणारी वीज वाढते, म्हणजे तेच काम करायला चिप जास्त उष्णता निर्माण करते. आणि पंखा आधीच पूर्ण वेगात असेल तर त्याच्याकडे पुढे वाढवण्यासारखे काही उरत नाही. म्हणूनच एप्रिलपर्यंत व्यवस्थित चाललेले यंत्र मे महिन्यात अचानक त्रास देऊ लागते. बिघाड अचानक झालेला नसतो. हाताशी असलेली सगळी सवलत संपलेली असते.

३५ अंशांबद्दलही थोडे सविस्तर सांगायला हवे. प्लेस्टेशन ५ साठी ५ ते ३५, निन्टेंडो स्विच या कन्सोलसाठी ५ ते ३५, हातात धरून खेळायच्या स्टीम डेकसाठी ० ते ३५, अॅपलच्या लॅपटॉपसाठी १० ते ३५ असे आकडे कंपन्या देतात. सगळ्यांची वरची मर्यादा एकच आहे, कारण घरात बसलेला माणूस साधारण एवढ्याच तापमानात असतो हे गृहीत धरून हीटसिंकचा आकार, पंख्याचा आवाज आणि भागांचे आयुष्य ठरवले जाते. ३६ व्या अंशाला काही जळत नाही. त्यापुढे कंपनीने दिलेला शब्द संपतो आणि यंत्र स्वतःच्या राखीव क्षमतेवर चालू राहते. जुलै २०२२ मध्ये जपानमधील उष्णतेच्या लाटेत निन्टेंडोने स्विच ५ ते ३५ अंशांतच वापरण्याची आठवण ग्राहकांना करून दिली होती. त्याच महिन्यात युरोपातील उकाड्यात स्टीम डेक बनवणाऱ्या वाल्व्ह कंपनीने त्यांची चिप १०० अंशांपर्यंत चालते, १०० ला वेग कमी करते आणि १०५ ला बंद होते, असे स्पष्ट केले होते. पारा ४७.९ पर्यंत गेलेला २०१३ चा मे महिना पाहिलेल्या नागपूरकराला ३५ ची सूचना वाचून नवल वाटेल. पण ती मर्यादा चिपने ठरवलेली नाही, चिपभोवतीच्या हवेच्या गणिताने ठरवलेली आहे.

जुलै २०२२ मधलेच आणखी एक उदाहरण मला महत्त्वाचे वाटते. १९ जुलै २०२२ रोजी इंग्लंडमध्ये कनिंग्स्बी येथे ४०.३ अंशांची नोंद झाली, आणि त्याच दिवशी लंडनमधील गूगल व ओरॅकल यांच्या डेटा सेंटरमधील शीतकरण यंत्रणा कोलमडल्यामुळे काही सर्व्हर बंद करावे लागले. आतले प्रोसेसर ४० अंशांच्या हवेत लगेच मरणारे नव्हते. आत निर्माण होणारी उष्णता इमारतीबाहेर टाकणारी यंत्रणा तेवढ्या तापलेल्या हवेत पुरी पडली नाही. तुमच्या अकोल्यातील खोलीची अडचण आकाराने लहान असली तरी जातीने हीच आहे: उष्णता टाकायला जागा हवी.

तुमच्या दोन यंत्रांचे वागणे वेगळे का आहे, हेही समजून घ्या, कारण त्यावरच उपाय अवलंबून आहेत. लॅपटॉपचा प्रोसेसर स्वतःचे तापमान सतत मोजत असतो. इंटेलच्या बहुतेक लॅपटॉप प्रोसेसरांची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते, एएमडीच्या अनेक प्रोसेसरांची ९५ च्या. त्या मर्यादेजवळ गेल्यावर प्रोसेसर आपला वेग आणि व्होल्टेज कमी करतो, थोडा निवतो, पुन्हा वेग वाढवतो, पुन्हा तापतो. हे चक्र सेकंदाला अनेकदा चालते आणि खेळात ते अडखळण्याच्या रूपाने दिसते. म्हणजे तुम्हाला जो दोष वाटतो आहे ती संरक्षणाची व्यवस्था आहे आणि ती तिचे काम नीट करते आहे.

कन्सोलचा विचार वेगळा असतो. एकाच खेळाने नॉर्वेत आणि नागपुरात सारखेच चालावे, अशी निर्मात्यांची अपेक्षा असते. प्लेस्टेशन ५ चे मुख्य रचनाकार मार्क सर्नी यांनी मार्च २०२० मधील आपल्या व्याख्यानात हे स्पष्ट केले होते की या यंत्राचा वेग चिपच्या तापमानावर ठरत नाही. खेळ चिपला किती काम देतो यावर ठरतो. विजेचे एक ठरावीक अंदाजपत्रक असते आणि शीतकरण त्या अंदाजपत्रकासाठी बांधलेले असते. त्यामुळे खोली तापली म्हणून खेळ हळू होत नाही. पंखा वेग वाढवत राहतो, तोही पुरेनासा झाला की सूचना येते, आणि तरीही चालू ठेवले तर यंत्र बंद होते. याचा व्यावहारिक अर्थ असा की लॅपटॉप तुम्हाला बराच आधी हळूहळू इशारा देतो, पण कन्सोल शेवटच्या पायरीवर बोलतो. ती सूचना आली तर ‘एवढा सामना संपवून बंद करतो’ असे मुलाला म्हणू देऊ नका. त्याच क्षणी बंद करावे, अर्धा-पाऊण तास निवू द्यावे आणि ते कुठे ठेवले आहे हे आधी तपासावे.

जागेबद्दल मी फार आग्रही आहे. माझ्याकडे तापल्याच्या तक्रारीने येणाऱ्या कन्सोलपैकी बरेच टीव्हीखालच्या कप्प्यातून येतात, आणि टेबलावर मोकळे ठेवून चालवले की त्यांना काहीही झालेले नसते. प्लेस्टेशन ५ पुढून हवा घेते आणि मागून फेकते. खेळताना ते साधारण २०० वॉट वीज वापरते, आणि ही सगळी उष्णता मागच्या जाळीतून बाहेर येते. मागे फळी असेल तर तीच गरम हवा वळून पुन्हा पुढच्या जाळीत शिरते आणि मग हवेचे तापमान दर फेरीला चढत जाते. मागे किमान एक वीत मोकळी जागा हवी, दोन असतील तर उत्तम, आणि कप्प्याला मागची फळी नको. भरदुपारी ज्या भिंतीवर बाहेरून ऊन येते त्या भिंतीला लागूनही ठेवू नका. लॅपटॉपही खेळताना दीडशे-दोनशे वॉट घेतो. दोन्ही एकाच खोलीत एकाच वेळी चालू असतील तर त्या बंद खोलीत तुम्ही जवळपास ४०० वॉटची शेगडी पेटवून बसला आहात. शक्य असेल तेव्हा दोन्ही एकाच वेळी चालवू नका किंवा वेगळ्या खोल्यांत चालवा.

वरच्या मजल्याच्या घराबाबत एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. सिमेंटचा स्लॅब दिवसभर उष्णता साठवतो आणि ती खोलीत कित्येक तास उशिरा सोडतो. त्यामुळे रात्री नऊ वाजता बाहेर गार वाटू लागले तरी खोलीचे छत अजून तापलेलेच असते आणि खोलीचे तापमान दुपारपेक्षा फारसे कमी झालेले नसते. सुट्टीत मुलाला खेळायचेच असेल तर सकाळी सहा ते दहा ही वेळ सर्वांत चांगली. गच्चीवर पांढऱ्या चुन्याचा थर दिला किंवा हिरवी जाळी ताणली, तर खोलीत पडणारा फरक तुम्हाला तुमच्याच तापमापकावर दिसेल, आणि त्याचा फायदा यंत्रांच्या आधी घरातल्या माणसांना होईल. नवतप्याच्या दिवसांत मात्र दुपारी बारा ते पाच या वेळेत जड खेळ टाळणे मी सर्वांनाच सुचवतो.

आता कूलर. वाळ्याच्या किंवा लाकडाच्या बारीक तंतूंच्या ओल्या ताट्यांतून कोरडी हवा जाते, पाणी वाफ होताना हवेतील उष्णता घेते आणि हवा थंड होते. हवा किती थंड होऊ शकेल याची एक खालची मर्यादा असते आणि ती हवेच्या कोरडेपणावर ठरते. मे महिन्यात आपल्याकडे दुपारी ४५ अंश आणि आर्द्रता १५ टक्क्यांच्या आसपास असते, तेव्हा ही मर्यादा सुमारे २४ अंश येते. चांगला कूलर त्या अंतराचा पाऊण भाग कापतो, म्हणजे त्याच्या तोंडाशी २९-३० अंशांची हवा मिळते. माहितीपत्रकातल्या ३५ च्या आत आपण इथे आरामात येतो. विदर्भाच्या कोरड्या उष्णतेचे हे एक वरदानच म्हटले पाहिजे.

ओलाव्याची भीती कितपत खरी आहे? त्या ३० अंशांच्या हवेची आर्द्रता साधारण ६० टक्के होते आणि तिच्यातून दव पडायला एखादा पृष्ठभाग २२ अंशांच्या खाली गेलेला असावा लागतो. चालू यंत्रातला प्रत्येक भाग हवेपेक्षा गरमच असतो, त्यामुळे आत पाणी धरण्याचा प्रश्न येत नाही. खरा धोका वाफेपेक्षा थेंबांचा आहे. कूलर पूर्ण वेगात असेल, ताट्या नीट बसलेल्या नसतील किंवा टाकी काठोकाठ भरलेली असेल, तर हवेबरोबर बारीक तुषार येतात, आणि आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्यातले क्षार त्यांच्याबरोबर बोर्डवर जाऊन बसतात. असे पांढरट डाग पडलेले बोर्ड मी दर उन्हाळ्यात पाहतो. म्हणून यंत्र कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. पाच-सहा फूट दूर आणि झोताच्या एका बाजूला ठेवा, जेणेकरून त्याला खोलीतली थंड झालेली हवा मिळेल. दुसरी अट त्याहून महत्त्वाची आहे: समोरची खिडकी किंवा दार उघडे हवे. खोली बंद ठेवून कूलर चालवला तर तीच हवा फिरत राहते, आर्द्रता चढत जाते आणि तासाभरात कूलरचा परिणाम संपतो.

हे गणित कोरड्या हवेचे आहे. मुंबई, कोकण किंवा गोव्यातील वाचकांनी ते जसेच्या तसे उचलू नये. तिथे ३४ अंशांना हवा आधीच पाण्याने भरलेली असते, कूलर जवळपास काहीच करू शकत नाही, आणि खाऱ्या हवेने धातूचे सांधे गंजणे ही तिथली मोठी अडचण असते. मृग लागून पाऊस स्थिरावला की आपल्याकडेही कूलरची उपयुक्तता संपते. तेव्हा साधा पंखा आणि उघडी खिडकीच बरी.

बर्फाबद्दल मात्र कडकपणे सांगतो. लॅपटॉपखाली बर्फाची पिशवी ठेवणे, कन्सोलवर ओला टॉवेल टाकणे, तापलेला लॅपटॉप फ्रीजमध्ये ठेवणे, हे सगळे प्रकार लोक करतात आणि यातूनच बोर्ड शॉर्ट होतात. कूलरने जे दव पडत नाही ते बर्फाने हमखास पडते, आणि तेही आत, जिथे ते दिसत नाही.

लॅपटॉपवर एक उपाय असा आहे ज्याला पैसे लागत नाहीत. चिपला लागणारी वीज तिच्या वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वरचा शेवटचा वेग गाठायला व्होल्टेजही चढवावे लागते, म्हणून शेवटच्या १० टक्के वेगासाठी १० टक्क्यांहून खूप जास्त उष्णता मोजावी लागते. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल स्थिती ९९ टक्के केली की बहुतेक लॅपटॉपमध्ये टर्बो वेग (प्रोसेसर तात्पुरता गाठतो तो जादा वेग) बंद होतो आणि तापमान लक्षणीय उतरते. खेळाच्या सेटिंगमध्ये फ्रेमची, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची, मर्यादा ६० किंवा गरज पडल्यास ४५ वर बांधून घाला; मर्यादा नसेल तर ग्राफिक चिप गरज नसतानाही पूर्ण ताकदीने राबत राहते. माझ्या अनुभवात या दोन गोष्टींनी उन्हाळ्यातले अडखळणे बहुतांशी थांबते, आणि सतत खालीवर होणाऱ्या वेगापेक्षा थोडा कमी पण स्थिर वेग खेळायलाही जास्त सुखाचा असतो. लॅपटॉपची मागची कड दोन बोटे उचला. पंख्याचे कूलिंग पॅड विकत घ्यायला माझी हरकत नाही, पण त्याचा निम्म्याहून जास्त फायदा या उचलण्याचाच असतो. गादीवर किंवा सतरंजीवर लॅपटॉप ठेवून खेळणे पूर्ण बंद करा, आणि त्याचा अडॅप्टरही उशीखाली न ठेवता उघड्या फरशीवर ठेवा.

कन्सोलवर असे नियंत्रण फारसे हाती नसते. काही खेळांत १२० हर्ट्झचा (सेकंदाला १२० चित्रांचा) पर्याय बंद करता येतो, तेवढा करावा. बाकी स्वच्छता. प्लेस्टेशन ५ च्या बाजूच्या पांढऱ्या झडपा हाताने निघतात आणि आत धूळ गोळा होण्यासाठी मुद्दाम दिलेली छिद्रे दिसतात. कमी ताकदीच्या व्हॅक्यूमने ती दर उन्हाळ्यापूर्वी साफ करा. त्यापुढे घरी उघडू नका. या यंत्रात चिप आणि हीटसिंक यांच्यामध्ये साध्या पेस्टऐवजी द्रवरूप धातू आहे. तो उष्णता उत्तम वाहून नेतो, पण वीजही वाहून नेतो, आणि त्याच्याभोवतीचे सील हलले तर तो बोर्डावर पसरून कायमचे नुकसान करू शकतो. ‘दर वर्षी पेस्ट बदलून घ्या’ हा सल्ला जुन्या कन्सोलसाठी ठीक होता. इथे तो लागू करू नका. लॅपटॉपची पेस्ट मात्र दोन-तीन वर्षांनी बदलून घेणे आपल्या हवामानात योग्य आहे. ब्लोअर मारताना पंख्याची पाती काडीने धरून ठेवावीत, नाहीतर तो वेड्यासारखा फिरून त्याचे बेअरिंग खराब होते. अकोल्यासारख्या कापसाच्या भागात धुळीबरोबर बारीक तंतूही जातात आणि ते हीटसिंकच्या पट्ट्यांवर नमद्यासारखे बसतात. बाहेरून जाळी स्वच्छ दिसली तरी आत तो थर असू शकतो.

राहिला आयुष्याचा प्रश्न. चिप स्वतःला वाचवते हे वर आले. तिच्या शेजाऱ्यांना ती सोय नसते. वीज पुरवठ्याच्या भागातील, वीज साठवून पुरवठा स्थिर ठेवणारे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर घ्या: त्यांच्याभोवतीचे तापमान १० अंशांनी वाढले की आयुष्य साधारण निम्मे होते, असा या क्षेत्रातला जुना आणि भरवशाचा ठोकताळा आहे. पंख्याचे वंगण सुकते. पेस्ट कोरडी पडते. आणि सांधे थकतात, ज्याचे सर्वांत मोठे उदाहरण एक्सबॉक्स ३६० आहे. २००५ मध्ये बाजारात आलेल्या त्या कन्सोलवर तीन लाल दिवे लागून यंत्र बंद पडण्याचे प्रमाण इतके वाढले की जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टला वॉरंटी तीन वर्षांची करावी लागली आणि त्यासाठी एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम बाजूला काढावी लागली. पुढे कंपनीच्याच लोकांनी सांगितले की चिपच्या आतील सोल्डरचे सांधे तापण्या-निवण्याच्या फेऱ्यांनी तडकत होते. यातला फेऱ्या हा शब्द महत्त्वाचा आहे. धातू आणि चिप वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात, आणि प्रत्येक चालू-बंदला सांध्यावर ताण येतो. म्हणून दर वीस मिनिटांनी ‘थोडे निवू द्या’ म्हणून बंद करून पुन्हा चालू करणे हिताचे नाही. थंड जागी सलग दोन तास खेळणे त्यापेक्षा बरे. असे सांधे तुटलेल्या बोर्डाला हीट गनने तापवून ‘दुरुस्त’ करून देणारी दुकाने आहेत. ते यंत्र काही आठवडे चालते आणि पुन्हा जाते. मी ते काम घेत नाही, आणि त्यासाठी पैसे देऊ नयेत असे माझे मत आहे.

खेळ चालू असताना वीज गेली आणि पंखा थांबला तर चिप जळेल, अशीही भीती अनेकजण बोलून दाखवतात. पंख्याबरोबर उष्णतेचा उगमही त्याच क्षणी थांबतो, त्यामुळे चिपला त्यातून धोका नाही. धोका आहे तो अर्धवट लिहिलेल्या माहितीला आणि वीज परत येताना बसणाऱ्या व्होल्टेजच्या धक्क्याला. वीज गेली की कन्सोलचा प्लग काढा आणि वीज येऊन पाच मिनिटे स्थिर झाल्यावरच लावा. तुमच्या भागात उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज फार उतरत असेल तर चांगला स्टॅबिलायझर घ्या, कारण कमी व्होल्टेजवर पॉवर सप्लाय तेवढ्याच कामासाठी जास्त करंट खेचतो आणि स्वतः जास्त तापतो.

शेवटी बॅटरी, कारण उन्हाळ्यात सर्वांत आधी तीच खराब होते आणि धोकाही तिचाच मोठा. लिथियमची बॅटरी गरम आणि पूर्ण भरलेल्या अवस्थेत सर्वांत वेगाने म्हातारी होते, आणि चार्जरला लावून खेळला जाणारा लॅपटॉप तिला तासनतास नेमका त्याच अवस्थेत ठेवतो. बहुतेक कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये चार्जिंग ८० किंवा ६० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असते. मार्च ते जून ती चालू ठेवा. महिनाभर गावाला जाणार असाल तर निम्मी बॅटरी ठेवून लॅपटॉप बंद करा आणि घरातल्या सर्वांत थंड, खालच्या कपाटात ठेवा. उन्हात उभ्या गाडीत तो तासभरही सोडू नका. टचपॅड वर उचललेला दिसला, त्याचे क्लिक कठीण झाले किंवा लॅपटॉप सपाट टेबलावर डुगडुगू लागला, तर बॅटरी फुगली आहे असे समजा. अशा वेळी चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा, फुगलेला भाग दाबून बसवण्याचा प्रयत्न करू नका आणि तो पुन्हा चालू न करता जवळच्या जाणत्या दुरुस्ती करणाऱ्याकडे बॅटरी बदलायला द्या.